मंजूर झाड

आमच्या नगरपालिकेत नकाशा मंजूर होत नाही, चित्र मंजूर होतं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो आणि मला राग येतो, कारण यावर हसायचा हक्क फक्त आमचा आहे. झालं असं की फार पूर्वी एका सभेत गटाराचा नकाशा भिंतीवर उलटा टांगला गेला. सगळ्यांनी माना डोलावल्या, हात वर केले, आणि गटार चढाच्या दिशेने बांधून झालं. ते अजून कोरडं आहे. तेव्हापासून सभासदांनी नकाशाचा असा धसका घेतला की आता कुठलंही काम असो, नियोजन विभागाने, म्हणजे मी, त्याचं रंगीत चित्र काढून सभागृहात लावायचं आणि सभेने ठराव करायचा: काम चित्राप्रमाणे करावे. चित्र उलटं लागलं तर निदान कळतं.

ही चित्रं काढतात आमचे आरेखक. हातात जादू आहे हो त्यांच्या, पण ती सगळीकडे पोचत नाही. जिथे हात अडतो तिथे ते झाड काढतात. जिना वळला, झाड. छपराला दुसरं छप्पर येऊन भिडलं, झाड. नगरपालिकेच्या नव्या इमारतीचं चित्र काढलं तेव्हा ऐन प्रवेशद्वारात झाड होतं. त्यांना सगळं ऑफिस झाडवाले म्हणतं, आणि ते या नावाला ओ देतात.

तर शहरातून जाणाऱ्या कालव्याच्या सुधारणेचं चित्र झाडवाल्यांनी काढलं. सभेच्या सकाळी आणलं, रंग ओले होते. पुलावरून दिसणारा कालवा, निळंशार पाणी, त्यात दोन राजहंस. काठावर बाक, बाकावर टोपीवाले एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचताहेत, शेजारून लाल छत्रीवाली बाई चालली आहे. सभागृह खूश. हात वर झाले, ठराव झाला, टाळ्या झाल्या. मी मात्र डाव्या काठाकडे बघत राहिले. तिथे एक भलंमोठं गोल गरगरीत झाड होतं, आणि खऱ्या कालव्यावर त्या जागी माझ्या सासऱ्यांची होड्या दुरुस्तीची शेड आहे.

"अहो, शेड कुठे गेली?" मी झाडवाल्यांना जिन्यात गाठलं.

"मॅडम, होडी मला जमत नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पोट नेमकं कुठे वळतं तेच कळत नाही. आणि बाबांच्या दारात तर होड्याच होड्या, त्यातल्या निम्म्या पालथ्या. मी तीनदा खोडलं. मग..."

"मग झाड."

"छान आलंय पण," ते म्हणाले.

मी तडक सभापतींकडे गेले. आमचे नियोजन समितीचे सभापती म्हणजे मऊ बोलणारा माणूस. त्यांच्याशी भांडायला गेलं की आपलाच घसा बसतो. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं, आणि म्हणाले, "ठराव झालाय ना? चित्राप्रमाणे. चित्रात झाड आहे, म्हणजे तिथे झाड येणार. शेड हलवावी लागेल."

"साहेब, ते झाड खरं नाहीये. त्यांना होडी काढता येत नाही म्हणून ते आलंय."

"ते का आलं हे सभेपुढे नव्हतं. झाड होतं."

"मग दुरुस्ती करू या ठरावात."

"वरच्या कार्यालयाची तपासणी महिन्याभरावर आलीय. आता दुरुस्ती म्हणजे पुन्हा सभा, पुन्हा मंजुरी. निधी हातचा जाईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागात मी उपरोधाने बोलते आणि ते मला नेहमी महागात पडतं. मी म्हटलं, "झाड खरं धरायचं तर राजहंसही खरे धरा. टोपीवाले गृहस्थ खरे धरा. ती छत्रीवाली बाई खरी धरा!"

सभापती विचारात पडले. मला वाटलं, पटलं.

"मुद्दा बरोबर आहे तुमचा," ते म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुम्हीच बघा ती व्यवस्था."

घरी काय झालं ते सांगायलाच नको, पण सांगते. सासरे घरात शिरायच्या आधी डांबराचा वास शिरतो, तसा त्या दिवशी आधी शिरला. पाठोपाठ नोटीस हातात धरून ते. नोटिशीखाली माझ्याच विभागाचा शिक्का होता. त्यांनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हणाले, "नगरपालिकेला सांग, मी शेड सोडणार नाही."

"बाबा, मी प्रयत्न करतेय," मी म्हटलं.

"नगरपालिकेला सांग, मी तिच्याशी बोलत नाहीये."

तेव्हापासून मी घरात नगरपालिका झाले. नगरपालिकेला म्हणावं पंखा कमी कर. नगरपालिकेने माझा चष्मा कुठे ठेवला? माझा नवरा दोन्हीकडचे निरोप शेजारच्या शेजारी पोचवायचा आणि वर म्हणायचा, "मी यात पडत नाही." लग्न झाल्यापासून हा माणूस कशातच पडलेला नाही. पण मला लागलं होतं, हे खरं. लग्नानंतर मी पुढे शिकावं म्हणून घरात सगळ्यांशी भांडले होते ते हेच सासरे. माझी नोकरी लागली तेव्हा शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी थांबवून सांगितलं होतं, आमची सून आता कालव्याचं बघते. बघितलं चांगलंच.

शेड जाणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. हा माणूस घरी बसू शकत नाही. घरात बसला की तो दरवाजांच्या बिजागऱ्या काढतो आणि पुन्हा बसवतो.

नोटिशीची मुदत संपली तरी सासरे हटले नाहीत. सकाळी जायचे, दार आतून लावून ठोकत बसायचे. तपासणी तोंडावर आली आणि सभापतींच्या तोंडचं पाणी पळालं. त्या वेळी ओरडाआरडा नको होता. मी पुन्हा गेले, आणि या वेळी उपरोध घरी ठेवून गेले.

"साहेब, चित्र पुलावरून काढलंय. पुलावरून झाड दिसलं म्हणजे झालं. झाडामागे काय आहे ते चित्रात कुठे दिसतं? शेडच्या पुढ्यात झाड उभं करू."

"एवढं मोठं झाड एका आठवड्यात?"

"रोपवाटिकेतून पिंपासकट आणू. काठावर जागा नाही, होडीत उभं करू."

त्यांना ते आवडलं. "तपासणीपुरतं ठीक आहे," ते मऊपणे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मात्र शेड पाडायची. तुम्ही बाबांना समजवा." म्हणजे मी मिळवला होता एक दिवस. तो घेऊन मी बाहेर आले.

तपासणीला वरच्या कार्यालयातून एक बाई आल्या. सडपातळ, हातात चित्राची प्रत, आणि चेहऱ्यावर असं काही नाही ज्यावरून काही कळावं. आम्ही सगळे पुलावर उभे. खाली व्यवस्था चोख होती. बाकावर आमचे मुख्य लेखापाल टोपी घालून वर्तमानपत्र वाचत होते, आणि चित्रात पान उलटलेलं दिसत नाही म्हणून तेही उलटत नव्हते. आवक-जावक विभागातल्या बाई लाल छत्री घेऊन चालत होत्या, टोकाला पोचल्या की मागे वळून पुन्हा चालत होत्या. राजहंस मिळाले नव्हते, दोन बदकं आणली होती. त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. त्यांनी मिळून सकाळी सभापतींच्या पोटरीचा चावा घेतला, तेवढ्यापुरतं पटलं.

आणि डाव्या काठाला झाड. माझ्या नवऱ्याला मी त्या होडीच्या दोरापाशी बसवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो कशात तरी पडला होता.

बाईंनी चित्र बघितलं, कालवा बघितला, पुन्हा चित्र बघितलं. "झाड सरकलं," त्या म्हणाल्या.

"वारा आहे," सभापती म्हणाले.

झाड अजून थोडं सरकलं. मग दोर ताणला गेला आणि ते घाईघाईने जागेवर आलं.

"हं," बाई म्हणाल्या. आम्ही खाली उतरून उजव्या काठाने चालू लागलो. लेखापालांजवळून जाताना बाईंनी त्यांच्या वर्तमानपत्रात डोकावून पाहिलं आणि "कालचं आहे," एवढंच म्हणाल्या. लेखापालांनी श्वाससुद्धा घेतला नाही.

चालता चालता बाई थांबल्या. "योजनेचं नाव काय आहे?"

"वस्ती आणि पाणी," सभापती तत्परतेने म्हणाले.

"पाणी बघितलं. वस्ती कुठे आहे?"

"सगळं स्वच्छ केलंय आम्ही बाई. चित्राप्रमाणे."

"तेच विचारतेय. काठावर कोण राहतं, कोण काय काम करतं, ते या चित्रात काहीच नाही. प्रत्यक्ष येऊन बघावं म्हटलं, तर इथेही नाही. नुसत्या पाण्यासाठी ही योजना नाहीये. असंच असेल तर मला हे नामंजूर करावं लागेल."

सभापतींचा चेहरा पडला. मी आजवर त्यांना घाम आलेला पाहिला नव्हता, तो पाहिला. नेमका तेव्हाच ठोकण्याचा आवाज सुरू झाला. ठक, ठक, ठक. झाडातून.

बाई झाडाकडे वळल्या. "झाडामागे काय आहे?"

"काही नाही," सभापती म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात माझी नोकरी, माझी बढती आणि उद्याची पाडापाडी, सगळं होतं. सांगितलं तर सभापतींना मी सगळ्यांसमोर खोटं पाडलं, आणि मंजूर झाडाच्या जागी शेड आहे हे माझ्याच तोंडून नोंदलं जाणार. गप्प राहिले तर उद्या शेड नाही. खोटं सांगत नाही, मला भीती वाटली. पण मागे तो माणूस ठोकत होता. आपल्या दारासमोर कोणी झाड आणून लावलंय, आत अंधार झालाय, आणि तरी तो आपला ठोकत होता. मला ते सहन होईना.

"माझे सासरे आहेत," मी म्हटलं.

"झाडामागे?"

"हो. त्यांची होड्यांची शेड आहे. आमच्या आरेखकांना होडी काढता येत नाही म्हणून त्यांनी तिथे झाड काढलं, आणि आम्ही ते मंजूर केलं."

बाई पलीकडे दोरापाशी बसलेल्या माझ्या नवऱ्याला मोठ्याने म्हणाल्या, "सोडा तो दोर." त्याने लगेच सोडला, जणू कोणी सांगायचीच वाट बघत होता. झाड संथपणे कालव्यातून निघालं, पुलाखालून गेलं. बदकं त्याच्या मागे गेली. दोघं पहिल्यांदाच शांत होती.

आम्ही पूल ओलांडला. शेडचं दार मी ठोठावलं. "बाबा, उघडा." ठोकणं थांबलं. मग कडी निघाली.

आत डांबराचा, भुशाचा, ओल्या लाकडाचा वास. मधोमध एक माल वाहणारी होडी पालथी पडली होती, आणि सासरे तिच्या बुडाला, वाकावी म्हणून वाफवलेली फळी बसवत होते. एक टोक ठोकून झालं होतं, दुसरं गुडघ्याने दाबून धरलं होतं. बाई दारात उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे सभापती, त्यांच्यामागे छत्री, टोपी आणि सगळी नगरपालिका.

"किती वर्षं चालतं हे काम इथे?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही दारात आहात तोवर चालणार नाही," सासरे म्हणाले. "उजेड सोडा."

बाई निमूट बाजूला झाल्या. होड्या बघितल्या, भिंतीवरची हत्यारं बघितली, कालव्यात उतरणारी घसरण बघितली आणि पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं.

सभापतींना एव्हाना वारा कुठल्या दिशेचा आहे ते कळलं होतं. "ही शेड आम्ही मुद्दाम राखली आहे बाई," ते मऊपणे म्हणाले. "वस्तीचा हा अगदी प्राण आहे."

"झाडामागे?"

"ऊन लागू नये म्हणून."

बाईंनी वही मिटली. "शेड राहील. हिच्यासकट नवीन चित्र पाठवा, तेवढी मुदत मी देते. आणि चित्र काढायला येणाऱ्याला आत बसवा, पुलावर नको."

मागे कुठेतरी झाडवाले पालथ्या होड्या मोजायला लागले.

सासऱ्यांनी यातलं काही ऐकलं की नाही, कळलं नाही. फळी थंड होत चालली होती आणि त्यांचं लक्ष तिच्यावर होतं. "झालं असेल तर निघा सगळे," ते म्हणाले. "काम खोळंबलंय." सगळे निघाले. बाई, सभापती, छत्री. मीही वळले, कारण मला वाटलं, त्या सगळ्यांत मीही आले.

"तू कुठे निघालीस?" मागून आवाज आला. त्यांनी मान वर केली नव्हती. "हे टोक धर. घट्ट धर, उलटून येतं ते."

मी पर्स भुशात टाकली आणि धरलं. फळी अजून गरम होती, हाताला चटके बसत होते, बाहीला डांबर लागलं होतं. ते दुसरा खिळा शोधत होते आणि त्यांना तो सापडत नव्हता. मला अजिबात घाई नव्हती.