टाकीखालची ताई

आमच्या लेखकाच्या कादंबरीत कोणी खोकलं, की शहरातल्या दुकानांतलं खोकल्याचं औषध संपायचं. थाप वाटते? वाटू द्या. त्याच्या नायकाला ताप भरला तेव्हा वाचकांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत थर्मामीटर पाठवले होते. त्यातला एक माझा.

आठवडाभर तो बातम्या लिही आणि रविवारी कादंबरीचं एक प्रकरण. बातम्या कोणी वाचत नसे.

मग एकदा त्याने बातमी आणली ती थेट त्याच्या थोरल्या बहिणीच्या डोक्यावरची. ताईची खोली पाण्याच्या उंच टाकीच्या पायथ्याशी. टाकीच्या एका खांबाचं सिमेंट गळून पडलेलं, आतल्या सळ्या इतक्या गंजलेल्या की नखाने पापुद्रे निघत. त्याने सरळ लिहिलं: टाकी पडणार, माणसं हलवा. या धावपळीत रविवारचं प्रकरण राहिलं. संपादकाला जागा तर भरायची होती. त्याने ही बातमीच कादंबरीच्या वेलबुट्टीच्या चौकटीत बसवली.

झालं! पत्रांच्या ओझ्याने टपालवाल्याची सायकल वाकली. ‘खांबाचं वर्णन वाचून अंगावर काटा आला.’ ‘ताईला मारू नका हो, आमच्या हिला जेवण जात नाही.’ ‘टाकी जरा लवकर पाडा, कथा रेंगाळतेय.’ पाणीखात्याच्या साहेबांनीही कळवलं, ‘झकास! एखादा सज्जन अधिकारी घाला की त्यात.’

त्याने खुलासा छापला, की ही कादंबरी नाही. वाचक म्हणाले, वा, काय युक्ती आहे!

ताईही हलेना. बघायला येणाऱ्यांना ती खुर्चीत बसून खांब दाखवायची.

“ताई, माझ्याकडे राहायला चल.”

“तुझ्या खोलीत? तिथे कागद झोपतात, माणसाने कुठे आडवं व्हायचं? आणि काय रे, मला म्हातारी लिहिलंस?”

“अगं, खरं आहे ते सगळं!”

“लहानपणापासून हेच म्हणतोस, शहाण्या.”

शेवटी त्याने जमत होतं तेच केलं. पुढच्या रविवारी त्याच चौकटीत टाकी पाडली: सोमवारी दुपारी, ताईसकट. सोमवार अशासाठी, की रविवारी वाचलेलं लोक मंगळवारी विसरतात.

सोमवारी सकाळीच शेकडो वाचक रडत तिच्या दारात. बातमीने जे हलले नव्हते, त्यांनी तिला खाटेसकट उचललं. पायाकडची बाजू माझ्या खांद्यावर होती, त्यामुळे लाथा मला बसल्या. तमाशा बघायला शेजारपाजार झाडून मागे आला. रस्त्याच्या पार टोकाला खाट टेकवली.

“मेल्यांनो, माझा चष्मा राहिला ना! आंधळी करून आणलंत मला.”

लेखक हसला. कितीतरी दिवसांनी हसला असेल.

“आणतो गं,” म्हणाला आणि गेला.

टाकी दुपारपर्यंत थांबली नाही. आवाज नंतर आला. आधी पाणी आलं, आमच्या गुडघ्यांपर्यंत, आणि त्यावर ताईची खुर्ची.

संपादकाने ही बातमीही त्याच चौकटीत छापली. पत्रं आलीच. ‘शेवट पटला नाही.’ ‘लेखकाने स्वतःला मारणं ही पळवाट झाली.’ ‘चष्म्याची कल्पना ओढूनताणून वाटते.’ साहेबांनी लिहिलं, ‘अतिरंजित.’

ताई आता त्याच्याच खोलीत राहते, कागद बाजूला सारून. संपादक पत्रांची पिशवी आणून देतो आणि ती वाचून दाखवायला मला बोलावते. वाईटसाईट मी गाळतो, दोन-चार चांगली पदरची घालतो. तिला ते बरोबर कळतं.

परवा घसा बसला तेव्हा म्हटलं, “ताई, एक चष्मा करून घ्या आता. माझ्या ओळखीचा आहे दुकानदार.”

“कशाला?” ती दाराकडे तोंड करून बसली होती. “तो गेलाय ना आणायला.”