खोक्यावरचं स्वस्तिक

आमचे हे फार विचार करून चूक करतात. अविचाराने केली असती तर एव्हाना मी माफही केलं असतं.

गिरगावातल्या छापखान्यात मी लग्नपत्रिका टाइप करायचे. लग्न होऊन मीरा रोडला आले, मुलगी झाली, जाणं-येणं झेपेना, नोकरी सुटली. मग भाईंदरच्या पत्रिकावाल्या लवूशेटनी सांगितलं, "वहिनी, घरी कॉम्प्युटर-प्रिंटर घ्या. तुळशीचं लग्न झालं की सीझन. छापून नमुना दाखवलात की सगळं मराठी काम तुमचं."

त्या दिवशी मला रात्री झोप आली नाही, इतकी मी खूश होते.

स्टेशनजवळच्या हंसाबेनच्या दुकानात आम्ही सगळ्यात स्वस्तातला कॉम्प्युटर ठरवला. माझी साठवण त्यातच संपली. पण मॉनिटरवर कंपनीची स्कीम होती. हंसाबेनने खोक्यावरचा पांढरा स्टिकर दाखवला. "ये नंबर काटके बिल के साथ भेजो. कंपनी तीन हजार का चेक भेजेगी. उसमें प्रिंटर आ जायेगा." आणि बजावलं, "नंबर संभालना, बेन."

मी मान डोलावली. यांनीही डोलावली.

दसऱ्याला खोकी घरी आली. मी आत नैवेद्याचं ताट वाढत होते. बाहेर येऊन बघते तर हे हळद-कुंकू पाण्यात कालवून मॉनिटरच्या खोक्यापुढे बसलेले. त्या पांढऱ्या स्टिकरवर, बरोब्बर मध्यभागी, ओलंगच्च स्वस्तिक.

"अहो, हे काय केलंत?"

"अगं, मशीनला लावलं असतं तर पाणी आत गेलं असतं. म्हणून खोक्याला लावलं. आणि खोकं खाकी, त्यावर लाल उठत नाही. इथे बघ, कसं छान दिसतंय."

"नंबरावर लावलंत."

"दिसतोय की. हा सात... हा एक असेल. कंपनीवाले काय हिंदू नाहीत? समजून घेतील."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल माझा होता.

मग स्वस्तिकाला कात्री लावायची नाही म्हणून हे अडून बसले. मी लावली. स्टिकर पोस्टाने पाठवला आणि दिवाळीभर टपालाच्या पेटीत डोकावत राहिले. पत्र आलं ते दोन ओळींचं: नंबर वाचता येत नाही, रक्कम देता येणार नाही. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, स्टिकर खराब झालाय ना, आम्ही काही नाही करू शकत." स्वस्तिकाला खराब म्हणू नये एवढंही सांगायचं मला सुचलं नाही. खराबच होता तो.

यांना म्हटलं, तुमच्या बोनसमधून प्रिंटर घेऊ. "बोनस गावच्या घराच्या कौलांना गेला," म्हणाले. "देवाच्या मनात नसेल. थांब की पुढच्या वर्षापर्यंत."

लवूशेट थांबले नाहीत. धंद्यात कोण थांबतं? काम दुसऱ्या कोणाला तरी गेलं. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि ज्यांनी घालवला ते संध्याकाळी ऑफिसातून आले की माझ्याच कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला बसू लागले. त्यांना चांगला जमतो तो खेळ. एकट्याचा आहे ना.

काल माझ्या मामेबहिणीच्या मुलीची, समिधाची, लग्नपत्रिका आली. खाली लवूशेटच्या दुकानाचं नाव. 'आशीर्वाद'मधली वेलांटी ऱ्हस्व, 'कुर्यात् सदा मंगलम्' दोन ओळींत तोडलेलं. माझ्या हातून असं कधी गेलं नसतं. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं.

पत्रिकेला हळद-कुंकू लावलेलं होतं, रीतीप्रमाणे चारी कोपऱ्यांना. एकाही अक्षराला लागलं नव्हतं.

हे खेळत होते. मी पत्रिका त्यांच्या समोर, कीबोर्डवर ठेवली.

"कुंकू कुठे लावलंय ते बघा," म्हटलं.

त्यांनी बघितलं. मग दोन बोटांनी पत्रिका उचलून बाजूला ठेवली. "जपून गं, बटणांना कुंकू लागेल," म्हणाले, आणि पुढचा पत्ता उलटला.