नऊ वाजेपर्यंत

माझे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. जिन्याखालच्या जागेत दुकान, एक स्टूल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. स्क्रू इतके बारीक की एक शिंक आली तर दिवसभराचं काम उडून जावं. रस्त्यात कोणी वेळ विचारली तर ते ‘सव्वादहा’ म्हणायचे नाहीत, ‘दहा चौदा’ म्हणायचे. तीस वर्षांत त्यांनी कोणाला चुकीची वेळ सांगितलेली मला माहीत नाही.

माझा नेम त्यांच्याच मनगटावरच्या घड्याळावर चालायचा. आमची ठकू तीन वर्षांची असताना तिला ताप भरला आणि डोक्यात गेला. सात दिवस पोरीने डोळे उघडले नाहीत. मी देवाला शब्द दिला, ही उठू दे, मी रोज जाग आल्यापासून नऊ वाजेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. आठव्या दिवशी सकाळी नऊला तिने पाणी मागितलं. तेव्हापासून तेवीस वर्षं तो शब्द मी पाळला. सासरे गेले त्या सकाळीही मी नुसती रडले, बोलले नाही.

घरच्यांना सवय झाली होती. एक बोट वर केलं की दूध उतू जातंय. टेबलावर दोनदा टकटक केलं की चला, उशीर होतोय. नऊचा ठोका पडला की यजमान म्हणायचे, "खिडकी उघडली. बोला सरकार."

ठकू मोठी झाली, लोकांच्या आखडलेल्या सांध्यांना व्यायाम देऊ लागली आणि लांब परदेशात तिला नोकरी लागली. जायला महिना उरला तेव्हा यजमानांनी एक जुना नकाशा काढला. तरुणपणी त्यांनी एकट्याने केलेली चार दिवसांची वाट होती ती. जंगलातून चढायचं, खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या वनचौकीवर उतरायचं. मध्ये वस्ती नाही.

"एकदा तिघं मिळून चालू या," ते म्हणाले. "पुन्हा कधी तिघं असू कोण जाणे."

महिनाभर ते सॅकमध्ये भिंतीवरची बंद घड्याळं भरून चार मजले चढले-उतरले. शेजारीण मला म्हणाली, "भावजी रोज घर सोडून निघतात आणि रोज परत येतात. काय ते एकदा ठरवा म्हणावं." वजन कमी व्हावं म्हणून त्यांनी टूथब्रशचे दांडे कापले. ठकू म्हणाली, "बाबा, दांडा राहू दे, आधी पोट कापा."

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पाऊस लागला. वाटेवरून पाणी वाहत होतं, बूट भरले, माझ्या टाचेवरचा फोड फुटून मोजा चिकटून बसला. तंबूत तिघं भिजलेल्या कपड्यांनी बसलो. स्टोव्ह पेटेना. कोरडी बिस्किटं खाल्ली. यजमान म्हणाले, "माझ्या वेळी असं नव्हतं." ठकू म्हणाली, "तुमच्या वेळी तुम्ही सव्वीसचे होतात." कोणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला आणि धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. ठकू मागे तंबू गुंडाळत होती. यजमान पुढे निघाले, मी त्यांच्यामागे. खिंड ओलांडून थोडं उतरल्यावर वाट फुटली. उजवीकडची रुंद होती, पावसाच्या पाण्याने धुऊन काढल्यासारखी. ते तिकडे वळले.

मी मान खाली घालून चालणारी बाई. म्हणून मला दिसलं. डावीकडे, गुडघ्याएवढ्या दगडावर, शेवाळाखाली लाल रंगाचा पट्टा होता. तसलाच पट्टा दोन दिवस आम्हाला वाट दाखवत आला होता.

मी काठी दगडावर दोनदा आपटली.

धुक्यातून त्यांचा आवाज आला. "चाललोय, बाई, चाललोय. इथेही घाई."

आणि त्यांनी पाय उचलले. मी पुन्हा दोनदा आपटली. ते आणखी भरभर चालू लागले. धावत जाऊन बाही ओढावी तर टाच टेकवत नव्हती. नकाशाच्या पिशवीतली पेन्सिल त्यांच्याकडे होती. मागून ठकू आली, बापाच्या सॅकचं पिवळं कव्हर पुढे दिसलं तशी मला ओलांडून त्याच्यामागे गेली. तिचीही बाही माझ्या हातातून निसटली. तिला वाटलं, मी हात धरायला बघतेय. "आई, पायाकडे बघ," एवढंच म्हणाली.

एक शब्द होता. ‘डावीकडे.’ तो जिभेवर आला होता आणि मी तो गिळला. मनात म्हटलं, वीसेक मिनिटं तर उरलीत. नऊला सांगीन. वीस मिनिटांत असं किती दूर जाणार?

नऊला ते थांबले. "खिडकी उघडली. बोला सरकार."

"आपण चुकलो," मी म्हणाले. "वाट फुटली तिथे लाल खूण डावीकडे होती."

त्यांनी वर पाहिलं. उतार इतका तीव्र होता की परत चढायला तास लागला असता. खाली, खोल, पाण्याचा आवाज येत होता.

"खऱ्या वाटेला पुढे ओढा लागतो, हे पाणी त्याचंच आहे," ते म्हणाले. "या घळीतून अर्ध्या तासात वाटेला लागू."

"बाबा, वर जाऊ," ठकू म्हणाली.

"तुझ्या आईची टाच बघितलीस का? तासभर चढवतेस तिला?"

माझ्या टाचेसाठी ते घळीत उतरले. काही पावलं झाली असतील. ज्या दगडावर त्यांनी भार टाकला तो सुटला. आधी सॅक गेली, गडगडत, खालच्या पाण्यापर्यंत. तिच्या पट्ट्याला बांधलेली शिट्टी, फोन, नकाशा, सगळं तिच्याबरोबर. मग ते गेले. तीन माणसांच्या उंचीवरून पडून एका सपाट कातळावर अडकले. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांची उजवी मांडी मध्येच वाकडी झाली होती. जिथे सांधा नसतो तिथे.

ठकूने सॅक उतरवून तंबू बाहेर काढला. तंबूच्या काठ्या दोन्ही बाजूंना लावून पाय बांधला. ते ओरडले नाहीत, माझ्या मनगटावर त्यांची नखं रुतली तेवढंच. तिच्या फोनला रेंज नव्हती. झोपायच्या पिशव्या, पाणी, एक पातेलं आणि चमचा माझ्यापाशी ठेवून ती उठली. वर चढून, खऱ्या वाटेने चौकी गाठायची. अंधाराआधी पोहोचली तर पोहोचली.

निघताना मला थोडं बाजूला घेऊन तिने विचारलं, "खूण तुला कधी दिसली?"

"तिथेच. फाट्यावर."

"आणि बोलली नाहीस."

"टकटक केली."

"टकटक केली." ती माझ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. "माझा ताप औषधाने उतरला, आई. मणक्यातून पाणी काढलं होतं माझ्या. मी फाइल वाचलीय."

"असेल."

"असेल नाही, आहे. माझ्या जिवासाठी गप्प बसते म्हणतेस ना? मी मागितलं नव्हतं. मला यात ओढू नकोस."

कातळावरून यजमानांचा आवाज आला. "ठकूबाई, भांडण पलीकडे गेल्यावर. उजेड आहे तोवर निघ."

ती निघाली. तिचं डोकं धुक्यात गेलं, मग सुटलेल्या दगडांचा आवाज ऐकू येत राहिला, मग तोही थांबला. त्या वाटेवर ती एकटी होती आणि माझ्याकडे तिला देण्यासारखं एवढंच होतं. उद्याची सकाळ मी नेहमीसारखी पाळेन. दुसरं काय येत होतं मला?

दिवस गेला. आम्ही बोललो ते किरकोळ. कुलकर्ण्यासारखा हिशेबी आवाज काढून त्यांनी सांगितलं की दुकानात कोणाकोणाची घड्याळं तयार आहेत, कोणतं कोणत्या खणात. मी त्यांच्या अंगाखाली पानं सरकवली. संध्याकाळपर्यंत मांडी फुगून पट्टे रुतायला लागले. त्यांना थंडी वाजत होती, मग वाजेनाशी झाली. तेव्हा मला जास्त भीती वाटली.

पहाटेचा करडा उजेड आला तेव्हा मला डुलकी लागली होती. जाग आली ती बारीक आवाजाने. कर्र, कर्र. ते घड्याळाला चावी देत होते. रोज सकाळी द्यायचे. त्या दिवशी जरा जास्त वेळ लागला. बोटं बधिर झाली असतील, असं मला वाटलं.

धुकं तसंच होतं. सूर्य आहे की नाही, कळत नव्हतं. मी त्यांचे ओठ ओले केले आणि मनातल्या मनात प्रार्थना म्हटली.

मग वरून हाक आली. माणसाचा आवाज. एक, मग दुसरा.

मी पातेलं उचललं आणि चमच्याने बडवलं. हाका थांबल्या, पुन्हा आल्या. पण घळीत तो आवाज चारी बाजूंनी परत येत होता, मलाच कळेना मी कुठे बडवतेय. वरचा माणूस ओरडला, "भांडं ऐकू येतंय. कुठे आहात? पाण्याच्या डावीकडे की उजवीकडे?"

मी बडवलं.

"बोला कोणीतरी. डावीकडे की उजवीकडे? चुकीच्या बाजूने उतरलो तर पुन्हा वर यावं लागेल."

मी यजमानांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडातून वाफेशिवाय काही निघत नव्हतं. त्यांनी डावा हात उचलला. मनगट माझ्यासमोर धरलं. काच तडकलेली, पण काटे चालत होते.

नऊ वाजून एक मिनिट झालं होतं.

"खिडकी," ते म्हणाले. पुढचं त्यांना जमलं नाही.

नऊ वाजले नव्हते. तेवीस वर्षं जी बाई रोज नवाची वाट बघते तिला नऊ अंगात कळतं. पोटात, घशात. माझ्या घशाला अजून खूप वेळ होता. आणि माझी मुलगी त्या धुक्यात कुठे होती ते मला माहीत नव्हतं.

त्यांचा हात खाली जाईना. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"डावीकडे," मी म्हणाले. आवाज फुटलाच नाही. मग मी ओरडले. "डावीकडे. पाण्याच्या डावीकडे. कातळावर."

चार माणसं दोर सोडून उतरली. पहिला टेकला, दुसरा टेकला. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. तिसरा, चौथा. ठकू नव्हती.

"माझी मुलगी?"

पहिला माणूस यजमानांच्या मानेवर बोटं लावून नाडी बघत होता. त्याने आधी ठोके मोजले. तेवढ्या वेळात मी काय काय पाहिलं ते मी लिहिणार नाही.

"वर आहे," तो म्हणाला. "धुक्यात घळीची बाजू तिलाही सांगता येईना. दोर धरून बसवलंय. सारखी उडी मारायला बघत होती."

त्यांना वर घ्यायला तीन तास लागले आणि खाली न्यायला दिवस. स्ट्रेचरच्या एका बाजूला ठकू, दुसऱ्या बाजूला मी. आम्ही दोघी त्यांच्याशी बोलत होतो, एकमेकींशी नाही. इस्पितळात ते दीड दिवस होते, सकाळी त्यांच्या घड्याळाला चावी मी दिली. मग श्वास लागला आणि ते गेले. मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात गेली, असं ठकूने मला समजावून सांगितलं. पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं, हळू आणि स्पष्ट.

आठवत राहतं ते एवढंच. फाट्यावर बोलले असते तर चार पावलं मागे यावं लागलं असतं. मी शब्द राखला त्याची ही किंमत, की मोडला त्याची, हे मी देवाला विचारत नाही. तो काय सांगेल? मला मोजता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद पुरे करायला आम्ही इस्पितळाच्या पॅसेजमध्ये बाकावर बसलो होतो. नर्सने एका पिशवीत त्यांच्या वस्तू आणून दिल्या. चष्मा, पट्टा, घड्याळ. ठकूने घड्याळ हातात घेतलं, समोर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा हातातल्याकडे.

"हे सव्वा तास पुढे आहे," ती म्हणाली. "बाबांचं घड्याळ?"

त्या चौकीवाल्यांनी वहीत लिहिलं होतं, आवाज ऐकू आला तेव्हा पावणेआठ झाले होते. त्या नोंदीची नक्कल तिने सकाळीच वाचली होती. काटे कोणी पुढे केले ते तिला कळायला वेळ लागला नाही. ती घड्याळाकडे बघत राहिली आणि मग पहिल्यांदाच, घळीतून निघाल्यावर पहिल्यांदाच, रडली.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि घड्याळाच्या चावीला हात घातला. "लावून ठेवते."

"राहू दे," मी म्हणाले.

भिंतीवर आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि घड्याळ माझ्या मांडीवर ठेवलं.

नेम मी सोडलेला नाही. त्या घड्याळाला रोज चावी देते, त्यात नऊ वाजेपर्यंत गप्प असते. ठकू आता लांब आहे, तिथे रात्र असते, तरी आपल्या पावणेआठला, त्या घड्याळातल्या नऊला, तिचा फोन वाजतो. "बोल," म्हणते. मी बोलते. काय केलं, कोण आलं, दुकानातलं शेवटचं घड्याळ कोणी नेलं.

हल्ली ते घड्याळ रोज अर्धा मिनिट मागे पडू लागलंय. ते मी तिला सांगितलं तेव्हा तिने तिथल्या तिथे हिशेब केला.

"म्हणजे पाच महिन्यांनी ते खरी वेळ दाखवेल. मग गं?"

"मग बघू," मी म्हणाले.

"आई, मी पावणेआठलाच फोन करणार."

मी हं म्हटलं. तिचा श्वास ऐकत फोन तसाच कानाशी धरून ठेवला.