गिळलेला ठोका

आम्ही फायर स्टेशनच्या हॉलमध्ये शिरलो तेव्हा डोर्सीच्या खुर्चीवर एक बाई बसली होती.

उशीर माझ्यामुळे झाला होता. मक्याचा ब्रेड खालून करपला म्हणून मी दुसरा भाजायला ठेवला, आणि डोर्सी अंगणात गाडीचा हॉर्न वाजवत बसला. आता माझ्या एका हातात ब्रेडचं भांडं, दुसऱ्या हातात गिटार, आणि पुढे डोर्सी, माझा नवरा, दारातच खांबासारखा उभा. ती खुर्ची आर्लिसच्या अगदी समोरची, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. आर्लिस फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवतो. बँजोवाल्याला फिडलवाल्याचा गज दिसायला हवा, म्हणून बँजोवाला तिथंच बसतो. आमच्या लग्नाच्याही आधीपासून दर शुक्रवारी संध्याकाळी तिथं डोर्सी बसत आला होता.

डोर्सीनं जन्मभर शाळेची बस चालवली. डोंगरातल्या त्या वळणांवरून एवढी पोरं नेली-आणली, कुणी कधी दोन चांगले शब्द बोललं नाही, आणि त्यानंही वाट पाहिली नाही. त्याचं जे काही मोठेपण होतं ते त्या एका पत्र्याच्या घडीच्या खुर्चीवर होतं.

आर्लिस म्हणाला, "ये रे लेका. ही मार्गो. कॉलेजात शिकवायला आलीय, उत्तरेकडची आहे. ओढ खुर्ची, बस इथं शेजारी."

ती बाई अर्धवट उठली. मांडीवर बँजो, चामड्याच्या गोल तोंडाचा, डोर्सीच्याच धाटणीचा.

"बसा, बसा," डोर्सी म्हणाला. "एका घोळक्यात एकच बँजो. दोन झाले की भांडी आदळल्यागत वाजतं."

हे खरंच आहे, आमच्याकडे सगळे पाळतात. पण त्यानं ते अशा आवाजात सांगितलं की बाईनं पाप केल्यासारखी मान खाली घातली. डोर्सी भिंतीकडेच्या बाकावर बसला आणि बँजोची पेटी न उघडता मांडीवर आडवी ठेवली.

गिटारवाल्याकडे कुणी बघत नाही, म्हणून त्याला सगळं दिसतं. मार्गो चांगलं वाजवत होती. नुसतं चांगलं नाही, तिचा अंगठा मधल्या तारेवर असा अचूक उतरत होता की माझ्या मानेवर काटा आला. आणि आर्लिसचा गज पळत होता. दोन वर्षांत त्याला इतक्या वेगानं वाजवताना मी ऐकलं नव्हतं. मी बाकाकडे पाहिलं. डोर्सी ऐकत होता. मग वारा घ्यायला म्हणून तो बाहेर गेला, तो निघायच्या वेळेपर्यंत आत आला नाही.

घरी जाताना गाडीत त्यानं मार्गोची नक्कल केली. कशी बसते, कशी पायानं ताल धरते, 'थँक यू' किती वेळा म्हणते. पुढच्या शुक्रवारीही पेटी बंदच राहिली. कोंबड्यांचं खाद्य आणायला तो नदीकडच्या लांबच्या रस्त्यानं जाऊ लागला, कारण तो रस्ता आर्लिसच्या दारावरून जातो. परत आला की खाद्याचं पोतं उतरवायच्या आधी सांगायचा, "तिची निळी गाडी होती." मी म्हणायचे, "असू दे की." त्यावर तो पोतं असं आपटायचा की कोंबड्या कुंपणापर्यंत पळायच्या.

आधी मला हसू आलं. मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस माझ्यावरून कधी असा जळला नाही. मी तरुणपणी एका सुताराबरोबर पूर्ण संध्याकाळ नाचले, तेव्हा हा कोपऱ्यात बसून आर्लिसकडून एक नवीन चाल घोटून घेत होता. लग्नानंतर आम्ही समुद्रावर जायला निघालो तेही आर्लिसच्या घरावरून, 'जरा एक चाल बघून जाऊ' म्हणून, आणि समुद्र दुसऱ्या दिवसावर गेला. आर्लिसची बायको रीबा, देव तिच्या आत्म्याला शांती देवो, मला म्हणायची, "नेवा, आपण यांच्या बायका नव्हे गं. यांच्या लग्नातल्या वऱ्हाडी आपण." रीबा असती तर आता पोट धरून हसली असती. मी एकटीच होते, म्हणून मला राग येत होता. डोर्सीला मार्गोचा, आणि मला आर्लिसचा, तोही इतक्या वर्षांनी.

मग एक दिवस दुपारी मार्गो आमच्याकडे आली. आम्ही ओसरीवर शेंगांच्या शिरा काढत बसलो होतो. तिच्या हातात सफरचंदाचा केक, पाठीला बँजो. डोर्सीनं तिला बस म्हटलं नाही. मीच खुर्ची दिली.

ती म्हणाली, "मला 'लंगडी कोंबडी' या चालीबद्दल विचारायचं होतं. दुसऱ्या भागात मी नीट करते का, तेवढं ऐका."

डोर्सी शेंगेकडे बघत म्हणाला, "आर्लिसला विचारा. रोज जाता ना तिकडे."

"त्यांनीच तुमच्याकडे पाठवलं."

तिनं वाजवायला घेतलं. पहिला भाग झाला, दुसरा सुरू झाला, आणि बरोबर मधल्या वळणावर तिनं एक ठोका गिळला. डोर्सीचे हात थांबले.

तो ठोका गिळणं म्हणजे काय, हे डोर्सी, आर्लिस आणि मी, आम्हा तिघांनाच माहीत होतं. जुनी गोष्ट. पलीकडच्या गावच्या मेळ्यात, स्पर्धेच्या मंचावर डोर्सी ही चाल वाजवत होता आणि त्याच्या मनगटावर गांधीलमाशी बसली. तो दचकला, एक ठोका चुकला. आर्लिसनं डोळ्याची पापणी न लववता गजानंही तो ठोका तसाच उडवला, पुढच्या फेरीत पुन्हा मुद्दाम तिथंच उडवला, आणि लोकांना वाटलं चालच तशी आहे. तेव्हापासून दोघं ती तशीच वाजवत आले. कोंबडी लंगडी झाली ती त्या दिवशी. त्याआधी तिचं नाव नुसतंच 'कोंबडी' होतं.

"हे कुठं शिकलीस?" डोर्सीनं विचारलं. तिला अगं-तुगं केल्याचं त्याच्या लक्षात आलं नाही.

"तुमच्याकडूनच. त्या मेळ्यात कुणीतरी टेप केलं होतं, ते हातोहात आमच्या गावापर्यंत आलं. मी रोज संध्याकाळी त्या टेपबरोबर वाजवत शिकले. म्हणून तर नोकरीसाठी हाच भाग मागून घेतला." मग ती हसली. "टेपमध्ये तुम्ही फार पळता. आर्लिसही तसेच, मला दमवतात."

ती गेल्यावर केक तसाच पडून होता. डोर्सी आपला उजवा अंगठा डाव्या हातानं दाबत बसला. पेराजवळ तो सुजलेला असतो. मधल्या तारेवर उतरायचा तो आता उतरत नाही, उतरला तर उशिरा. हे मला माहीत होतं. घोळक्यात सगळ्यांनाच माहीत होतं.

"ती माझा अंगठा घेऊन फिरतेय, नेवा," तो म्हणाला. "माझाच. तरणा होतो तेव्हाचा."

मी पुढची शेंग उचलली.

"आणि आर्लिस दोन वर्षं माझ्यासाठी हळू वाजवत होता. एका शब्दानं बोलला नाही."

"मग चांगलंच केलं की त्यानं. रागावतोस कशाला?"

"बोलला असता तर भांडता तरी आलं असतं."

त्या शुक्रवारी तो येणार नाही असं मी धरून चालले होते. पण गाडीत आधी तोच जाऊन बसला, पेटी घेऊन. हॉलमध्ये मार्गो खुर्ची सोडून उभी राहिली. त्यानं हातानंच तिला बसवलं आणि आपला बाक ओढून तिच्या मागे, आर्लिसचा गज दिसेल असा लावला. पेटी मांडीवर, बंद.

चाल कुणाकडून आली ते आधी सांगायचं, ही आमची रीत. मार्गो म्हणाली, "ही डोर्सीकडून," आणि 'लंगडी कोंबडी' सुरू केली. आर्लिसचा गज पळाला. दुसऱ्या भागात तिघांनीही ठोका गिळला, मीसुद्धा. पेटीच्या झाकणावर डोर्सीचा अंगठा पडत होता, उशिरा पडत होता.

चाल ज्यानं सुरू केली त्यानं शेवटच्या फेरीला पाय उचलायचा, म्हणजे सगळे एकदम थांबतात. वेळ झाली तशी मार्गोनं पाय न उचलता आर्लिसकडे पाहिलं. आर्लिसनं तिच्या खांद्यावरून डोर्सीकडे पाहिलं. माझ्याकडे कुणी असं कधी पाहिलं नाही.

डोर्सीचे दोन्ही बूट जमिनीवर होते. त्यानं ते हलवले नाहीत. आम्ही आणखी एक फेरी घेतली, मग आणखी एक. माझी बोटं पेटली. आर्लिसच्या नाकावरून घाम टपकत होता, तरी तो नजर काढत नव्हता, आणि डोर्सी काही त्याला सोडत नव्हता. मला रडू येत होतं आणि दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

शेवटी उजवा बूट वर आला, जेमतेम दोन बोटं.

फिडल, बँजो, गिटार, सगळं एका जागी थांबलं. त्या शांततेत पेटीच्या झाकणावर डोर्सीचा अंगठा आणखी एकदा पडला. तो एकच ठोका, सगळ्यांच्या मागून.

आर्लिसनं गज मांडीवर ठेवला आणि मान हलवली.

"आला," तो म्हणाला.