अर्ध्या तोंडाची चढाई

रविवारी सकाळी अंजनाने चूळ भरली आणि ती तिला न विचारताच तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर आली. तिने पुन्हा भरली, पुन्हा तेच. पदराने हनुवटी पुसत ती मोरीतून खोलीत आली. तिचा नवरा बबन दाढी करत होता. त्याने आरशातच तिच्याकडे पाहिलं आणि हातातला वस्तरा खाली ठेवला. तिचं तोंड उजवीकडे ओढलं गेलं होतं, डावा गाल ओल्या फडक्यासारखा लोंबत होता आणि डावा डोळा मिटायचं नाव घेत नव्हता.

"वारं गेलं गं पोरीवरनं!" जनाबाईने बोंब ठोकली. जनाबाई ही अंजनाची सासू आणि त्याआधी सख्खी आत्या, त्यामुळे ओरडण्याचा अधिकार तिला दोन्हीकडून होता. पाच मिनिटांत अर्धी चाळ दारात. कुणी म्हणालं लकवा, कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं बाईमाणसाने एवढं उड्या मारत फिरूच नये.

शेवटच्या बोलण्याला अर्थ होता. अंजना कबड्डी खेळायची. लग्नाआधी खेळायची आणि लग्नानंतरही, पोरगी झाल्यावर सुद्धा. अंबरनाथ पूर्वच्या महिला संघाची ती मुख्य चढाईपटू. तीन आठवड्यांवर तालुक्याची स्पर्धा आली होती. १९८९ साल सुरू झालं होतं आणि मागची तीन वर्षं ओळीने अंबरनाथच्या बायका अंतिम सामन्यात बदलापूरकडून हरल्या होत्या. अंजनाला तिशी लागली होती. पुढल्या वर्षी नव्या मुली घेणार, असं प्रशिक्षक हिंदुराव सगळ्यांसमोर बोलून मोकळे झाले होते. म्हणजे बदलापूरला हरवायचं तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. आणि नेमकं आत्ताच तोंडाने संप पुकारला होता.

बबनने तिला उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात नेलं. जनाबाई न बोलावता सोबत आली. डॉक्टर सिंधी, साठीचे, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलणारे.

"भुवया वर करा. दोन्ही."

अंजनाने केल्या. कपाळाच्या उजव्या अर्ध्यावर आठ्या पडल्या, डावा अर्धा नुकताच इस्त्री केल्यासारखा सपाट.

"अगं बया, कपाळ पण गेलं!" जनाबाई मटकन खाली बसली.

"अरे माई, ये तो अच्छी बात है," डॉक्टर म्हणाले. "मेंदूचा झटका असता ना, तर कपाळ वाचलं असतं. कपाळ पण गेलं, म्हणजे प्रॉब्लेम डोक्यात नाही. सिर्फ चेहऱ्याची नस आहे, कानाच्या मागून येते ती. सुजली आहे."

त्यांनी बॅटरी लावून कानात फोड आलेत का बघितलं, लघवीतली साखर तपासायला सांगितली. फोड नव्हते, साखर नव्हती. बहुतेक लोक दोन-तीन महिन्यांत बरे होतात, ते म्हणाले. गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी, आणि आरशासमोर तोंडाचा व्यायाम. हे कशाने झालं, असं बबनने विचारलं, तर म्हणाले, खरं सांगू, कुणालाच नक्की माहीत नाही.

"मी खेळू का?" अंजनाने विचारलं.

"पायाला काय झालंय? खेळा. बस, आँख में मिट्टी नहीं जानी चाहिए. डोळा बंद करून वर पट्टी चिकटवायची."

एवढं ऐकूनही दुसऱ्या दिवशी जनाबाई जांभूळ गावाहून पिशवीत एक जिवंत कबुतर घेऊन आली. तिथल्या कुणा बाबाने सांगितलं होतं, याचं गरम रक्त गालाला चोळा. बबन एरवी आईपुढे ब्र काढत नसे. त्या दिवशी त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "आई, बाबासाहेबांच्या फोटोखाली कबुतर कापणार तू?" जनाबाईने फोटोकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि पिशवीचं तोंड सोडलं. कबुतर तीन दिवस चाळीच्या पत्र्यावर बसून होतं.

खरी अडचण मैदानावर कळली. कबड्डीत चढाई करणाऱ्याने एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहायचं असतं, पंचाला स्पष्ट ऐकू येईल असं. तो दम. दम तुटला की खेळाडू बाद. दम स्पष्ट नसला की पंच परत पाठवतात आणि चढाईची पाळी समोरच्यांना. अंजना मध्यरेषेवर उभी राहिली, श्वास घेतला आणि तिच्या तोंडातून निघालं, "कफड्डी, कफड्डी, कफ्फ..." ओठ मिटतच नव्हते, डावीकडून नुसती हवा जात होती. नव्या पोरी फिस्सकन हसल्या.

हिंदुराव वाईट माणूस नव्हते, पण त्यांना आडून बोलता येत नसे. "अंजना, तू यंदा बाहेर बस. पोरींना पाणी दे, धीर दे."

ती घरी जाऊन रडली. त्यातही डाव्या डोळ्यातलं पाणी आपल्याच मर्जीने वाहत होतं, रडणं थांबलं तरी ते थांबेना. त्याचा तिला इतका राग आला की ती उठली आणि तशीच हिंदुरावांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, स्पर्धेच्या आदल्या दिवशी माझी परीक्षा घ्या. तुम्ही मैदानाच्या त्या टोकाला उभे राहा. एका श्वासात तीस वेळा म्हणेन. एक जरी 'ब' चुकला, तर वर्षभर पाणी देईन."

अंजना आनंदनगरच्या औषध कारखान्यात पॅकिंगला होती. टेबलावर आठ बायका बाटल्या खोक्यात भरायच्या. आता बाटल्यांबरोबर 'ब'ची पण मोजणी सुरू झाली. "नऊ नीट आले गं, दहावा फुसका." "सोळावा परत म्हण." सुपरवायझर ओरडायला आला, थोडा वेळ ऐकलं, आणि "एकोणीस चांगला होता," म्हणून निघून गेला.

ओठाच्या कोपऱ्याला बोट लावून गाल वर धरला की ओठ मिटतात, हे तिला तिथेच समजलं. पण चढाईत दोन्ही हात मोकळे हवेत. मग खोक्याची चिकटपट्टी लावून बघितली, तर कातडी सोलवटली. तेव्हा जनाबाई पुढे आली. कबुतर सुटल्यापासून तिला काहीतरी करायचंच होतं. ती मेडिकलमधून जखमेवर लावायची कापडी पट्टी घेऊन आली, ओठाच्या कोपऱ्यापासून कानामागेपर्यंत मापून कापली, आणि सुनेचा गाल वर ओढून अशी बसवली की अंजनाने स्पष्ट म्हटलं, "आत्या, दुखतंय."

"'आत्या' नको, 'ब' म्हण."

"ब."

"अजून म्हण," जनाबाई म्हणाली, आणि पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली.

परीक्षेच्या दिवशी अंजनाने बत्तीस म्हटले. हिंदुराव मैदानाच्या त्या टोकावरून चालत आले, काही वेळ टोपी काढून डोकं खाजवलं. "पाणी द्यायला दुसरी बघतो," एवढंच बोलले.

अंबरनाथ आणि बदलापूर दोघेही, अपेक्षेप्रमाणे, अंतिम सामन्यात पोचले. रविवार, दुपारी चार. मैदानाभोवती माणसांची भिंत. गालावर पट्टी, डाव्या डोळ्यावर पट्टी, अशी अंजना उतरली तेव्हा बदलापूरच्या बाजूने कुणी ओरडलं, "अरे, वाकडतोंडी आली रे!" जनाबाईने त्या दिशेला जे उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

पंच होते दौलतराव, कडक. पहिल्याच चढाईला ते कान देऊन तिच्याबरोबर रेषेवरून चालत राहिले आणि शिट्टी मारली. "दम स्पष्ट नाही. मागे." दुसऱ्या चढाईला ती हळू म्हणाली, प्रत्येक 'ब' ओठांत दाबून. शिट्टी वाजली नाही.

आणि मग गंमत झाली. बदलापूरची कर्णधार सुनंदा शाळेत अंजनाबरोबर खेळलेली. तिला अंजनाचं एक गुपित माहीत होतं: लाथ मारायच्या आधी अंजनाची डावी भुवई वर जायची. तीन वर्षं सुनंदा त्या भुवईवर जिंकत आली होती. आज ती भुवई ढिम्म. सुनंदा टक लावून बघत राहिली आणि अंजनाची टाच तिच्या मांडीला लागून परत पण गेली. मध्यंतरापर्यंत अंजनाने सात गुण मिळवले. सुनंदाची नजर कुठे खिळलीय ते ओळखून अंजनाला पहिल्यांदाच आपल्या मेलेल्या भुवईवर माया वाटली.

दुसऱ्या डावात घामाने घात केला. गालावरची पट्टी आधी सैल झाली, मग लोंबली, मग मातीत पडली. सुनंदाच्या पोरींनी एकेक गुण भरून काढला. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा दोन्हीकडे तेवीस, आणि चढाईची पाळी अंबरनाथची. हिंदुराव दुसऱ्या मुलीला खूण करत होते. अंजनाने ती खूण पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. तिला हे बदलापूरकडून घ्यायचं होतं, स्वतःच्या पायांनी, आज.

डाव्या हाताने गाल वर धरून ती रेषा ओलांडून गेली. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." एक डोळा, एक हात. दौलतराव शेजारून चालत होते, मान वाकडी करून. सुनंदा आता भुवई बघत नव्हती, पाय बघत होती. अंजनाने पाय पुढे केला, सुनंदा त्यावर झेपावली, आणि दुसऱ्या क्षणी तिच्यासकट तिघी अंजनाच्या अंगावर. गालावरचा हात सुटला. ती डाव्या कुशीवर आपटली.

लोकांना वाटलं, संपलं. दम तुटणारच होता, मोकळ्या गालाने 'ब' येणार कुठून? पण अंजना डाव्या गालावर पडली होती आणि वर तिघींचं वजन. जमिनीनेच गाल दाबून धरला. हाताने जमला नव्हता, पट्टीने जमला नव्हता, असा खणखणीत 'ब' त्या मातीतून यायला लागला. "कबड्डी! कबड्डी! कबड्डी!" तीन पोरींना ओढत ती वीतभर सरकली, मग अजून वीतभर. छातीत आग पेटली होती, पण श्वास घ्यायचा नव्हता. उजव्या हाताची बोटं मध्यरेषेच्या फक्कीत घुसली.

शिट्टी वाजली. तीन गुण.

"पंच, दम नव्हता!" सुनंदा ओरडली. "तोंड मातीत होतं तिचं! काय ऐकलं तुम्ही?"

दौलतराव गुडघ्यावरची माती झटकत उठले. ऐकण्यासाठी ते आडवे झाले होते हे तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. "बाई, माझा कान तिच्या तोंडापासून हातभर होता," ते म्हणाले. "शेवटच्या दहा 'कबड्डी'सारखा स्पष्ट दम मी वीस वर्षांत ऐकला नाही. तीन गुण अंबरनाथ."

मैदान फुटलं. हिंदुरावांनी टोपी कुठे फेकली ते त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. बदलापूरची शेवटची चढाई रिकामी गेली आणि तीन वर्षांचं उट्टं निघालं. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बबन शिट्ट्या मारत होता.

बाजूला नेऊन बसवलेली अंजना मात्र अजून थांबली नव्हती. शिट्टी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मातीने माखलेला गाल हाताने दाबून, पुटपुटल्यासारखं, ती म्हणतच होती, "कबड्डी, कबड्डी..." थांबले तर गुण जातील, या भीतीने.

जनाबाई गर्दीतून वाट काढत आली, तिच्यासमोर मातीत बसली आणि सुनेचा हात गालावरून बाजूला करून तिथे स्वतःचा हात ठेवला.

"पुरे, पोरी. जिंकलीस. श्वास घे आता."