रंगपंख्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना रंगपंखा आहे. नावात पंखा असला, तरी माझ्याकडून वाऱ्याची अपेक्षा करू नका. जाड कागदाच्या पन्नास लांबट पट्ट्या एका टोकाला पितळी बटणाने अडकवल्या, की झालो मी. प्रत्येक पट्टीवर चार रंग, प्रत्येक रंगाला क्रमांक आणि मधोमध एक गोल भोक. भोकामागे फुलाची पाकळी धरायची. पाकळी आणि पट्टी यांत फरक दिसेनासा झाला, की तो क्रमांक त्या फुलाचा. फुलाच्या नव्या जातीचे नाव नोंदवायचे, तर हा क्रमांक लिहून द्यावाच लागतो. फोटोतल्या रंगाचा भरवसा नसतो, माझा असतो. निदान तेव्हा होता.

माझा जन्म छापखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने डोळ्यांत तेल घालून माझा एकेक रंग जमवला आणि मला काळ्या कापडी पिशवीत घातले. पिशवीवर लिहिले होते, 'काम झाले की आत ठेवा.' इतकी साधी सूचना!

पहिली बारा वर्षे मी बागमंडळाच्या चिटणीसांकडे होतो. माणूस खडूस, पण शिस्तीचा. प्रदर्शनात दोन बागवानांची रंगावरून जुंपली, की सगळे माझ्याकडे धाव घेत आणि मी सांगेन ते निमूट ऐकत. त्यामुळे मला चांगलीच शिंगे फुटली होती. काम संपले की चिटणीस मला पिशवीत घालत, तेव्हा मला त्यांचा राग येई. एवढा देखणा मी, मला अंधारात का कोंबतात?

पुढे चिटणीसांची नजर अधू झाली. त्यांनी काम सोडले आणि मला टेलरबाईंना देऊन टाकले. टेलरबाई शिवणकाम करून घर चालवत आणि अंगणात डेलियाची फुलझाडे लावत. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई, माई. दोघींचे दिवसातून तीनदा वाजे आणि चारदा जमे. माझी काळी पिशवी बाईंना फारच आवडली. कपडे कापायच्या नमुन्यांच्या कागदी बेतण्या ठेवायला ती अगदी मापाची निघाली. मला त्यांनी शिलाई मशीनच्या वर, खिडकीतल्या खिळ्याला उलगडून टांगले.

मला आभाळ ठेंगणे झाले. दिवसभर ऊन, समोर रस्ता आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर माझ्यावर. गिऱ्हाइके माझ्यावर बोट ठेवून सांगत, असल्या रंगाची लेस लावा. बाई कापडाचे तागे मात्र कपाटात ठेवत. कपडे देताना सावलीत वाळवा म्हणून प्रत्येकीला बजावत. माझ्या बाबतीत ते त्यांच्या ध्यानीमनीही आले नाही. आणि खरे सांगू? आपला रंग उडतो आहे, हे ज्याचे त्याला कळत नाही.

पाचव्या वर्षी बियांपासून केलेल्या रोपांत एक रोप सगळ्यांच्या मागून उगवले, तेही वाकडे. बाई ते उपटायला निघाल्या. माईंनी त्यांचा हात धरला आणि त्याचे काय करायचे ते मी बघते म्हणाल्या. त्यांनी त्याला काठीचा आधार दिला, रोज सकाळी स्वतः पाणी घातले. मोसम संपता संपता त्याला फूल आले. धुऊन धुऊन मऊ झालेल्या कपड्याचा असतो तसला गुलाबी रंग आणि पाकळ्यांची टोके पांढरी. तसे फूल कुणाकडेच नव्हते. बाईंनी हसत हार मानली. नाव तिथेच ठरले, 'माईचा हट्ट'.

पण ठरवले आणि नोंदवले, असे होत नाही. तीन वर्षे कंद काढून पुन्हा लावावे लागतात आणि दर वर्षी फूल तसेच यावे लागते. एकदा नोंदलेले नाव दुसऱ्या फुलाला कधीच देत नाहीत. माई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितले नव्हते. वरचे बोलावणे यायच्या आत हे नाव छापील यादीत बघायची मात्र त्यांना भारी हौस होती.

अखेर अर्ज भरायचा दिवस उजाडला. बाईंनी मला खिळ्यावरून काढले आणि एकेका भोकामागे पाकळी धरून पाहिली. एकशे बारा क्रमांकाशी ती तंतोतंत जुळली. माई चष्मा सावरत जवळ आल्या.

"अगं, याची कड बघ. कडेला गडद आहे, मधेच फिका," त्या म्हणाल्या.

"छापताना शाई जास्त लागली असेल, माई. मोठमोठी माणसं यावरून फुलं ठरवायची. आपल्या डोळ्यांपेक्षा छापलेलं बरं."

मित्रांनो, मला तेव्हा माईंचाच राग आला. माझ्यावर संशय! खरे तर एकशे बारा म्हणजे गडद किरमिजी. शेजारच्या पट्टीखाली झाकलेल्या कडेला तो तसाच राहिला होता. बाकीचा उन्हाने उडून त्या फुलाइतका फिका झाला होता. बाईंनी अर्जावर एकशे बारा लिहिले.

प्रमाणपत्र आले, त्यावर फक्त नाव होते. माईंनी ते दारात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवले, अगदी पत्ता चुकून आलेल्यालाही. दोन वर्षांनी पुरेशी रोपे झाली, तेव्हा बाईंनी प्रदर्शनात नोंदलेल्या जातींच्या टेबलावर फुले मांडली. हौसेने मलाही नेले. परीक्षक मुलगी आली. तिच्या हातात माझ्यासारखाच, पण नवा रंगपंखा होता. तिने नोंदवही पाहिली, पाकळी भोकामागे धरली, पुन्हा धरली.

"फूल फार सुंदर आहे," ती हळूच म्हणाली. "पण बाई, हे 'माईचा हट्ट' नाही. ते गडद किरमिजी आहे."

"मग ते कुठे आहे?" माईंनी विचारले.

मुलीने नोंदवहीतल्या क्रमांकावर बोट ठेवले. बाईंनी मला तिच्या रंगपंख्याशेजारी धरले आणि मी स्वतःला पहिल्यांदाच नीट पाहिले. शरमेने लाल व्हावे, तर तेवढाही रंग माझ्यात उरला नव्हता.

दुरुस्तीची मुदत एका वर्षाची होती, ती उलटून गेली होती. हे फूल नव्याने नोंदवता येईल, पण दुसऱ्या नावाने, असे बाईंना सांगण्यात आले. घरी आल्यावर त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. पिशवीतल्या बेतण्या काढल्या आणि मला आत ठेवले. त्यांनी रागावून फेकून दिले असते, तर बरे झाले असते. नवा अर्ज त्यांनी आणला, पण नावाची जागा अजून कोरी आहे. माई म्हणतात, तुझे नाव दे. बाई मशीन चालवत राहतात.

मित्रांनो, ज्यावरून तुम्ही दुसऱ्याची पारख करता, ते साधन जपून ठेवा. मधूनमधून त्याचीही पारख करा. आणि कुणी म्हाताऱ्या माणसाने त्याच्यावर बोट ठेवले, तर हसण्यावारी नेऊ नका. माझी एक कड उचलून पाहायला कितीसा वेळ लागला असता?

यंदाही ते फूल भरभरून आले आहे. माई कुंपणापाशी खुर्ची टाकून बसतात. जाणारेयेणारे थांबून फुलाचे नाव विचारतात. तेव्हा माई सुनेकडे न बघता सांगतात, "याला अजून नाव नाही हो."