उरलेला घोट

मी एक जुना चांदीचा प्याला आहे. माझ्या तळाशी एक तांबूस डाग दिसेल. तो चांदीचा नव्हे, गंजलेल्या खिळ्यांचा आहे. देवाच्या घरात माझ्या पोटात खिळे कसे आले, ते सांगतो. मित्रांनो, गोष्ट गोड नाही. गोड हवी असेल तर दुसऱ्या भांड्याला विचारा.

मला एका सोनाराने घडवलं. चर्चची मंडळी गरीब होती, म्हणून घराघरातून चांदी गोळा झाली. कुणाचा मोडका चमचा आला, कुणाच्या बाळाचा खुळखुळा, तर एका म्हातारीने कोटाचं एकुलतं एक बटण तोडून दिलं. सगळं मुशीत वितळलं तेव्हा सोनार म्हणाला, "आता यात कुणाचं काय, हे देवालाही शोधता यायचं नाही!" लोक हसले. मलाही ते पटलं. मूर्खच होतो मी.

माझं काम साधं होतं. प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, माझ्यात द्राक्षारस भरत आणि त्याला प्रभूचं रक्त म्हणत. लोक वेदीपुढे ओळीने गुडघे टेकत आणि एकेक घोट घेत. प्रत्येक घोटानंतर पाळकसाहेब पांढऱ्या फडक्याने माझा काठ पुसत, मला जरासं फिरवत आणि पुढच्याच्या ओठांशी नेत. शेवटी जे उरेल ते ओतून द्यायचं नाही, असा आमचा नेम होता. ते पाळकांनीच प्यायचं. म्हणजे सगळ्या गावाचं उष्टं! पाळकसाहेब मान मागे टाकून मला रिकामा करत, तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगे.

मग तापाची साथ आली. माणसं पटापट गेली. मेलेल्यांना शेवटची आंघोळ घालायला पोटची पोरंसुद्धा पुढे होईनात. तेव्हा इस्पितळात चादरी धुणारी एक बाई बाह्या सरसावून उभी राहिली. लोक तिला आंघोळमावशी म्हणू लागले. प्रत्येक घरी जाण्याआधी ती बादली घेऊन वेदीपुढे येई आणि मोठ्याने बोले, "प्रभू, मला भीती वाटतेय. भीती काढायची नसेल तर राहू दे, पण तू बरोबर चल." एवढं बोलून ती बादली उचली आणि चालू लागे. मी चर्चमध्ये लांबलचक प्रार्थना पुष्कळ ऐकल्या होत्या. प्रार्थना करून लगेच पाऊल उचलणारं माणूस मी तेव्हाच पाहिलं.

गावातल्या बेकरीवाल्याच्या आईलाही तिनेच आंघोळ घातली. चर्चच्या दारात तो तिचे हात धरून रडला. "मावशी, मरेपर्यंत तुझे उपकार विसरणार नाही."

"तू मरायची घाई करू नकोस बाबा," मावशी म्हणाली, "माझे हात आधीच भरून आलेत."

साथ ओसरली. वर्ष उलटलं. डॉक्टरांनी मावशीला तपासून ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग बऱ्याच काळाने प्रभुभोजनाचा रविवार आला. बेकरीवाला ओळीत मावशीच्या मागे होता. तो बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि उठला तो थेट तिच्या पुढे! मग त्याच्या मागची बाई सरकली, तिच्या मागचा शिंपी सरकला. "हिने किती मढी हाताळलीत कोण जाणे," कुणीतरी कुजबुजलं. अरे, तुमचीच ना ती मढी? मावशी ओळीच्या शेपटाला गेली. सगळ्यात शेवटी तिने घोट घेतला. पाळकसाहेबांनी माझा काठ पुसला. पुन्हा पुसला. मग उरलेला घोट न पिताच मला मागच्या खोलीत नेलं, मोरीत उपडं केलं आणि नळ सोडला.

मावशी फडकी धुवायला न्यायची म्हणून दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं.

"पाळकसाहेब," ती एवढंच म्हणाली, "नळ नीट बंद करा. गळतो तो."

मित्रांनो, वेदीवर ज्याला प्रभूचं रक्त म्हटलं, ते माझ्या डोळ्यांदेखत मोरीत गेलं. त्या दिवशी मला कळलं की माणसाची जीभ माझ्यापेक्षा जास्त चकाकते.

पुढच्या महिन्यात बेकरीवाल्याने काचेच्या चिमुकल्या पेल्यांचा ट्रे भेट दिला. ज्याचा त्याचा पेला वेगळा. "स्वच्छतेसाठी," असं जाहीर झालं. काचेच्या पेल्यांशी माझं वैर नाही. आजार असेल तर खुशाल वेगळं प्यावं. पण इथे आजार नव्हता, एक बाई होती. मला कपाटात टाकलं, आणि रखवालदाराने माझ्यात खिळे भरले.

मावशीने मात्र चर्च सोडलं नाही. दर शनिवारी ती मागच्या खोलीत वेदीच्या चादरींना इस्त्री करायला येई आणि कपाट उघडून माझ्याकडे बघे. "तुझ्या पोटात खिळे, माझ्या पोटात राग. चांगली जोडी जमली." मग ती वर बघून बोले, "प्रभू, तुलाही तुझ्याच माणसांनी दगा दिला, म्हणून तुला सांगते. या लोकांची तोंडं मला बघवत नाहीत." ती रडे. नंतर बराच वेळ फक्त इस्त्रीचा आवाज येई. हळूहळू तिचा श्वास संथ होई. एकदा रखवालदाराने विचारलं, "मावशी, एवढा अपमान झाल्यावर येतेस कशाला?"

"घर माझ्या बापाचं आहे," ती वर बोट दाखवून म्हणाली. "मी का जाऊ?"

मग एक दिवस पाळकसाहेब तापाने फणफणले. ते एकटेच त्या मागच्या खोलीशेजारी राहत. साथ परतली, अशी आवई उठली. बेकरीवाला पायरीवर पाव ठेवून पळाला. आत आली ती मावशी. तिने त्यांच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या.

"पाणी," पाळकसाहेब पुटपुटले.

काचेच्या पेल्यांचा ट्रे हाताशीच होता. तिने तो तसाच सोडला, कपाट उघडलं, माझ्यातले खिळे खाली ओतले आणि मला खसाखसा घासलं. त्याच मोरीत. पाणी भरून आधी स्वतः एक घोट घेतला आणि मला त्यांच्यापुढे धरलं.

"हे माझं उष्टं. नको असेल तर मोरी तिथेच आहे."

पाळकसाहेबांचे डोळे भरले. "तू पाहिलं होतंस."

"पाहिलं होतं. प्या आता."

"तुला राग नाही आला?"

"अजून आहे की! म्हणून काय तहानेल्याला पाणी द्यायचं नाही?"

ते प्यायले. थेंबही ठेवला नाही.

ताप साधाच निघाला. पुढच्या प्रभुभोजनाला काचेचे पेले नेहमीसारखे फिरले. मग पाळकसाहेब मला घेऊन मावशी बसली होती त्या शेवटच्या बाकापाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "या बाईच्या ओठांनंतर उरलेला घोट मी मोरीत ओतला होता." मावशीने घोट घेतला. पाळकसाहेबांनी काठ न पुसता उरलेलं पिऊन टाकलं, मला पुन्हा भरलं आणि बेकरीवाल्यापुढे धरलं.

बेकरीवाला खाली वाकला. बुटाची नाडी बांधू लागला. ती सुटलेली नव्हती.

मित्रांनो, अजूनही दर वेळी मला त्याच्यापुढे धरतात, आणि तो दर वेळी वाकतो. मावशी म्हणते, "धरत राहा. कधीतरी त्याची कंबर दुखेल." तिच्याएवढी शांती माझ्यापाशी नाही, मी अजून धुमसतोच. तुम्हाला एकच विनवणी करतो. माझा डाग घासायची घाई करू नका. ओळीत उभे राहाल तेव्हा तुमच्या पुढे कोण आहे ते नीट बघा, आणि आपली जागा सोडू नका.